धाकट्या मामंजींची आठ घरांची पेटी

कड या गोष्टीशी जन्मभर वैर धरलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या सासरी निघाला. आमचे धाकटे मामंजी, म्हणजे माझ्या यजमानांचे सख्खे काका, सांगलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. भाकरीची कड ते काढून ठेवायचे. एस.टी.त खिडकीची जागा रिकामी असली तरी दोन माणसांच्या मध्ये अंग चोरून बसायचे. त्यांची खाट तर खोलीच्या बरोबर मध्यभागी, चारी भिंतींपासून सारख्या अंतरावर. सुतळीनं मोजून ठेवलेली. "भिंतीजवळ झोपलं की भिंतीचा परिणाम होतो," असं ते सांगत. परिणाम कुणावर होतो, झोपेवर की झोपणाऱ्यावर, हे विचारायची सोय नव्हती, कारण उत्तर तासभर चाले. आमच्या घराण्यातल्या प्रत्येक माणसाची करंगळी त्या खाटेच्या पायाला एकदा तरी ठेचलेली आहे. माझी चारदा.

थोड्यावरून फाराचा अंदाज बांधणं त्यांना बिलकूल खपत नसे. धाकट्या सासूबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, चुलीजवळून पळी पुढं करायच्या. "आवं, मीठ बगा जरा आमटीत." मामंजी पळीकडं बघायचे आणि म्हणायचे, "पळीतली आमटी म्हणजे आमटी नव्हे. तिच्यात निम्मी पळीच असते. वाटी भरून द्या." मग वाटीभर आमटी पिऊन, मिशा पुसून, विचार करून सांगायचे, "बरोबर आहे." तोपर्यंत पानं वाढून झालेली असायची आणि आमटी एका वाटीनं कमी पडलेली असायची.

एकदा कुंडलहून सासूबाईंचे भाऊ आले, खांद्यावर मनगटाएवढा जाड ऊस घेऊन. तो त्यांनी मामंजींपुढं काठीसारखा आपटला.

"दाजी, बगा. औंदा लय उतारा पडणार."

"कुठून तोडलास?"

"कुठनं म्हंजी? आपल्याच रानातनं."

"रानाच्या मधला, का कडेचा?"

"बांधाकडंचा. आत कोण शिरतंय? पाचट कापतंय अंगाला."

"मग तू ऊस आणलेला नाहीस, बांध आणलायस," मामंजी म्हणाले. "कडेच्या उसाला ऊन जास्त, वारा जास्त. तो माजणारच. रान मोठं असलं तर कडेचा ऊस त्यात बुडून जातो. पण वाफा एवढासाच असला तर सगळाच ऊस कडेचा. त्यावरून उतारा काढशील तर फसशील."

भावानं ऊस परत खांद्यावर टाकला आणि बहिणीकडं वळून विचारलं, "आक्का, ह्या माणसासंगं संसार कसा करतीस गं तू?"

"कडंकडंनं करती, बाबा," सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवशी आम्ही सगळे पोट धरून हसलो. मामंजींचं सगळं आयुष्य त्या उसात होतं, हे मला कळायला फार वर्षं लागली. कळायला उशीर लावणं हा माझा तेव्हाचा मुख्य व्यवसायच होता.

मी साताऱ्याची, गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि तेही पहिल्या वर्गात. हे वाक्य मी त्या काळी दिवसातून तीनदा कुठंतरी घुसवायचे. दळण आणायला गेले तरी गिरणीवाल्याला ते ठाऊक होतं. काळा झगा घातलेला माझा फोटो मी सासरी आल्याच्या चौथ्या दिवशी देवघराच्या दारावर लावला, म्हणजे देवांनाही दिसावा. यजमान फौजेत, उत्तरेकडं कुठंतरी. सांगलीत मी, थोरल्या जाऊबाई आणि त्यांचं बिऱ्हाड. शेजारच्याच घरात धाकटे मामंजी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून विचारलं, "सूनबाई, जाळीवरचा क्षेत्रसिद्धान्त ठाऊक आहे?"

"हो तर," मी म्हणाले.

त्या 'हो तर'नं माझ्या दोन वर्षांच्या दुपारी खाल्ल्या.

गोष्ट अशी होती. अणूच्या पोटातले जे अगदी बारके कण, त्यांना घट्ट बांधून ठेवणारी जी शक्ती, तिचं गणित कुणालाच धड सुटत नव्हतं. थोड्या वर्षांपूर्वी परदेशात कुणीतरी सुचवलं होतं की अवकाश अखंड न धरता कोळ्याच्या जाळ्यासारखं धरा, गाठी आणि गाठींमधले धागे, आणि सगळा हिशेब धाग्यांवर मांडा. मामंजींनी ते एका मासिकात वाचलं आणि त्यांना ध्यास लागला. त्यातला सर्वांत साधा प्रकार त्यांनी घेतला. प्रत्येक धागा दोनच स्थितींत असू शकतो, हा किंवा तो. अशा जाळीत भरून राहिलेल्या तापलेल्या वायूचा दाब किती, तेवढं त्यांना काढायचं होतं. असल्या कामाला गणकयंत्र लागतं. यंत्र मुंबईला होतं, आणि त्याच्यापुढं रांग होती, आणि त्या रांगेत सांगलीच्या लेक्चररला जागा नव्हती.

मग त्यांनी चिंचोके घेतले. फोडून, सहाणेवर घासून एक बाजू पांढरी केली, दुसरी तपकिरी राहिली. आमच्याकडं बायका चिंचोक्यांनी खेळ खेळतात तसेच. पाटावर खडूनं आखलेल्या घरांच्या बाजूंवर एकेक चिंचोका. चार घरं लांब, चार रुंद, चार खोल, अशी ती पेटी. खोलीचे थर शेजारी शेजारी आखलेले. एकूण एकशे ब्याण्णव धागे. चौकोनाच्या चार बाजूंवर तपकिरी चिंचोके सम असले की चौकोन खूष, विषम असले की रुसलेला. ज्या चिंचोक्याची पाळी, त्याच्याभोवतीचे चार चौकोन बघायचे, मामंजींच्या तक्त्यात बोट फिरवायचं, पिशवीतून एक आकडा काढायचा आणि तो सांगेल तसा चिंचोका पांढरा किंवा तपकिरी ठेवायचा. पिशवीतले आकडे तंबोल्याचे. यजमानांनी मेसमधून जुना संच आणला होता, त्याचा असा उपयोग होईल हे सैन्यात कुणाच्या स्वप्नात नसेल. सगळे चिंचोके एकदा फिरून झाले की एक फेरी. मग खूष चौकोन मोजायचे. त्या मोजणीवरून दाब निघतो, खूष जास्त तर दाब जास्त. कसा निघतो ते आज विचाराल तर सांगेन. तेव्हा मला नुसती मान हलवता यायची, पण ती मी पहिल्या वर्गात हलवायचे.

आणि कड? कडेचा बंदोबस्त मामंजींनी आधीच केला होता. पेटीच्या उजव्या टोकाचा शेजारी म्हणजे डावं टोक, असं धरायचं. वरच्याचा खालचं. "बांगडीला कड असते का गं?" त्यांनी मला विचारलं होतं, आणि त्यांचे डोळे इतके चमकत होते की मी माझ्या हातातल्या बांगडीकडं बघून मनापासून म्हणाले, "नाही हो, मामंजी." आयुष्यभराच्या वैऱ्याला त्यांनी असं वाकवून स्वतःच्याच शेपटीला बांधलं होतं.

तरी वैरी पुरता मेला नव्हता. चार घरांच्या बांगडीत माणूस चार पावलं चालला की स्वतःच्याच पाठीवर येऊन आदळतो. मामंजींचा दाब अपेक्षेपेक्षा जास्त आला. त्यांनी मुंबईच्या एका शास्त्रज्ञांना पत्र घातलं. त्यांचं उत्तर आलं, सभ्य आणि छोटं: हा वाढलेला दाब वायूचा आहे की पेटीचा? लांबी-रुंदी दुप्पट करून बघा. आकडा तोच राहिला तर या आणि आमच्यासमोर मांडा.

ते पत्र मामंजींनी सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि घडीवर फाटेपर्यंत वापरलं. त्यांच्या प्रबंधाची नोंदणी अकरा वर्षांची जुनी, दोनदा मुदत वाढवून घेतलेली. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती, पुढच्या दिवाळीपर्यंत काय ते. एकदा पाटावर वाकलेले असताना, माझ्याकडं न बघता म्हणाले, "सूनबाई, तीस वर्षं मी पुस्तकातलं फळ्यावर लिहिलं आणि फळ्यावरचं पोरांच्या वह्यांत गेलं. माझ्या हातून एक तरी आकडा असा जावा, की जो आधी कुठल्या पुस्तकात नव्हता."

मी काहीतरी शहाण्यासारखं बोलले असणार. काय ते आठवत नाही, हे बरंच आहे.

आठ घरं लांब, आठ रुंद, खोली चारच. सातशे अडुसष्ट चिंचोके. हे एकट्याचं काम नव्हे. मामंजींनी चार बायका जमवल्या: मी, धाकट्या सासूबाई, शेजारच्या जैनांच्या पाटीलवहिनी आणि थोरल्या जाऊबाई. सोप्यात चार पाट ओळीनं मांडले. पेटीचे आठ उभे पट्टे, प्रत्येकीकडं दोन. आपल्या पट्ट्याच्या टोकाला आलं की शेजारणीला विचारायचं. दुपारभर असं चाले:

"वहिनी, तिसऱ्या घरात काय हाय?"

"पांढरा."

"आनि त्येच्या खाली?"

"खाली बी पांढराच. काय गं बाई, माझ्याकडं आज सगळंच पांढरं."

"सूर्य मावळायला आला तुमचा, म्हणून."

कारण पाटीलवहिनी सूर्यास्ताच्या आत जेवायच्या. ऊन उंबऱ्यावरून खाली उतरलं की त्या पदर झटकून उठायच्या, मग मधली फेरी अर्धी असो की पाऊण. मुंबईचं यंत्र विजेवर चालायचं, आमचं उन्हावर. दुपारी तीन फेऱ्या झाल्या तर मामंजी खूष. त्यांना चारशे हव्या होत्या.

आता माझी शोभा सांगते. थोरल्या जाऊबाईंशी माझा अबोला होता. कारण ऐकून घ्या. माहेरचा चिवडा, माहेरची साडी असल्या गोष्टींवरून जगात भांडणं होतात, माझं कंदी पेढ्यांवरून झालं. साताऱ्याहून माझ्या आईनं पेटारा भरून पाठवले होते. इस्लामपूरच्या जाऊबाईंनी त्यातला एक उचलला, उजेडात धरला, आणि म्हणाल्या, "लय जाळलंय गं दूध तुमच्याकडं." मी म्हणाले, साखर कारखान्याच्या धुरात वाढलेल्यांना खव्याचा वास काय कळणार. त्या म्हणाल्या, कळतंय की, जळका येतोय. त्यानंतर आम्ही सात महिने एकमेकींशी बोललो नाही. एका चुलीवर स्वयंपाक करत होतो. मीठ हवं असलं तर मी मांजराला सांगायचे, आणि जाऊबाई मांजराला द्यायच्या.

हे साऱ्या गल्लीला माहीत होतं, म्हणून मामंजींनाही माहीत होतं. एरवी माणसांच्या भानगडीत न पडणाऱ्या त्या माणसाला नेमका त्याच दिवशी माणुसकीचा झटका आला. पाट मांडताना ते सासूबाईंच्या कानात म्हणाले, "या दोघींना लांब बसवा. ही या टोकाला, ती त्या टोकाला."

मी डाव्या टोकाला. जाऊबाई उजव्या टोकाला. मध्ये दोन बायका आणि चौदा हात सोपा.

वाचकहो, आता बांगडी आठवा. ज्या माणसानं दोन टोकं वाकवून एकमेकांना जोडली होती, ज्याच्या जगात सर्वांत लांबच्या दोघी याच सख्ख्या शेजारणी होत्या, त्यानं आम्हाला दूर बसवलं म्हणून हात झटकले आणि तक्ते वाटले.

मला दुसऱ्याच दिवशी कळलं. माझ्या डाव्या कडेच्या प्रत्येक चिंचोक्याला जाऊबाईंच्या उजव्या कडेचं उत्तर लागत होतं. म्हणजे फेरीला काही डझन वेळा मला सगळ्यांदेखत हाक मारायला हवी होती, "जाऊबाई, तुमच्या कडेला काय?" आणि मी विचारलं की अबोल्याचा डाव त्यांनी जिंकला. मी बी.एस्सी. होते. मी मनानंच ठरवलं की ही बाई स्वभावानं उलटी, तेव्हा तिच्याकडं उलटंच असणार. आणि फेरीच्या शेवटी आमच्या दोघींच्या कडा जिथं जोडायच्या त्या शिवणीवरचे चौकोन मोजायची वेळ आली की मी सगळे खूष म्हणून लिहायचे. रुसलेले लिहिले असते तर मामंजी वाकून बघायला आले असते. पेटीतला बारावा हिस्सा चौकोन त्या शिवणीवर होते. दसऱ्यापासून होळीपर्यंत ते एकदाही रुसले नाहीत.

चारशे फेऱ्या भरल्या. मामंजींनी तीन दिवस बेरजा केल्या. चौथ्या दिवशी बाहेर येऊन सोप्याच्या खांबाला टेकले आणि म्हणाले, "तोच आला." आठ घरांचा दाब चार घरांइतकाच जास्त. पेटी मोठी झाली तरी आकडा हलला नाही. म्हणजे तो पेटीचा नव्हता. त्या रात्रीच्या जेवणात त्यांनी भाकरीची कड खाल्ली, आणि सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. मुंबईला पत्र गेलं. उत्तर आलं: या, अमुक दिवशी मांडा, आम्ही सगळे ऐकायला बसू.

लग्नातला कोट संदुकीतून निघाला. गाडीचं तिकीट निघालं. जायला आठ दिवस होते, आणि मला ताप चढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडले तर कपाळावरची पट्टी जाऊबाई बदलत होत्या. मी डोळे मिटून घेतले.

"मिटून काय करतीस? मी दिसले तुला," त्या म्हणाल्या. "ऊठ. ह्ये खा. तोंडाला चव यील." हातात कंदी पेढा होता. साताऱ्याला जाणाऱ्या कुणाकडून तरी मुद्दाम मागवलेला. "जळका हाय," त्या म्हणाल्या, "पर खा."

मला आधी रडू आलं, मग हसू. मग आम्ही सात महिन्यांचं सगळं बोलणं एकदम काढलं. कुणाचं लुगडं, कुणाची सासू, मांजराचे हाल. आणि त्या ओघात जाऊबाई हसत म्हणाल्या, "आनि त्ये चिंचोकं! तुझ्या कडंला काय हाय ते म्या कवाच इचारलं न्हाई. माझ्या मनानंच धरायची. म्हनलं, ही शिकल्याली, हिच्याकडं सगळं पांढरंशुभ्र आसंल."

"तुम्हीसुद्धा?"

"म्हंजी तू बी?"

आम्ही हसत सुटलो. खाट हलायला लागली. आणि मग दोघी एकाच वेळी थांबलो.

जाऊबाईंनी पट्टी पिळून बाजूला ठेवली. मग जाऊबाई म्हणाल्या, "सांगाय पायजे त्यास्नी."

इथं त्या पदवीच्या झग्यातली मुलगी काय म्हणाली ते लिहायला मला आजही लाज वाटते, म्हणून मुद्दाम लिहिते. ती म्हणाली, "आता? तिकीट काढलंय त्यांनी. मुंबईत कुणाला कळणार आहे?"

सातवी नापास जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलं. "कळंल न कळंल. आकडा खोटा हाय न्हवं?"

आम्ही गेलो तेव्हा मामंजी कोटाला ब्रश मारत होते. जाऊबाईंनीच सांगितलं, उभ्या उभ्या, पाच वाक्यांत. मी त्यांच्या मागं उभी होते. ब्रश थांबला.

"पहिल्या दिवसापासून?"

"व्हय."

"दोघींनीही?"

"व्हय, मामंजी."

सासूबाई आतून धावत आल्या. "सटव्यांनो, तुमच्या जिभा झडल्या व्हत्या काय गं? पाच म्हैने? आवं, आनि तुमी बगत काय बसलाय, दोन थोबाडात द्या की!"

"त्यांची चूक नाही," मामंजी म्हणाले. ते खाटेवर बसले, कोट मांडीवर. "मी बसवलं त्यांना तिथं. माझ्या पेटीला कड नव्हती. मी माझ्या हातानं भिंत घातली." मग ब्रशमधला एक केस ओढून काढला, आणि दुसरा, आणि तिसरा. आम्ही दाराशी उभ्या होतो.

तिकीट परत गेलं. मुंबईला 'थोडा अवधी हवा' म्हणून कळवलं. चैत्रात पुन्हा पाट मांडले. या वेळी मला आणि जाऊबाईंना खेटून बसवलं, आणि आता आम्ही इतकं बोलायला लागलो की मोजणी चुकायला लागली. शेवटी शिवणीवरचा प्रत्येक चौकोन मामंजी स्वतः गुडघ्यांवर येऊन तपासायचे. दोनशेच फेऱ्या झाल्या, पण पुरेशा होत्या. वाढीव दाब गेला. अगदी संपला नाही, पण जवळजवळ. जे शिल्लक राहिलं ते एवढंसं होतं. चार घरांचा तो सगळा चमत्कार पेटीच्या लहानपणाचा होता. बांधाकडचा ऊस होता तो.

त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं, कारण माझं अक्षर चांगलं. मी आपणहून मध्ये एक वाक्य घातलं, की आमच्या दोघींच्या हलगर्जीपणामुळं आधीचा आकडा चुकला. मामंजींनी वाचलं आणि त्यावर रेघ मारली.

"ते नको. पेटी लहान होती, एवढंच लिही. खरंही तेवढंच आहे."

पत्र टाकून आल्यावर दुसऱ्या सकाळी त्यांनी आंघोळीचा बंब पेटवला. लाकडं ओली होती. मग त्यांनी वह्या आणल्या. चार घरांच्या, आठ घरांच्या, खोट्या आणि खऱ्या सगळ्या, आणि पान पान फाडून बंबात घातलं. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या माऊलीनं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला टोकलं नाही, आणि नेमकं तेव्हा टोकायला हवं होतं.

बाराव्या दिवशी मुंबईचं उत्तर आलं. मीच वाचून दाखवलं, कारण त्यांचा चष्मा सापडत नव्हता. शास्त्रज्ञांनी लिहिलं होतं की निराश होऊ नका. चार घरांना दाब किती, आठ घरांना किती, हा फरकच आम्हाला पाठवा. यंत्रावरही आमची पेटी लहानच असते. लहान पेटी दाबाच्या बाबतीत किती फसवते, हे कुणीतरी नीट मोजून सांगायलाच हवं आहे, आणि ते तुम्ही मोजलेलं दिसतं. तक्ते जसेच्या तसे पाठवावेत.

मी पत्र खाली ठेवलं. मामंजींनी बंबाकडं बघितलं नाही. नळाकडं बघितलं.

"पाणी मात्र त्या दिवशी झकास तापलं होतं," ते म्हणाले.

दिवाळीत नोंदणीची मुदत संपली. यजमानांना क्वार्टर मिळालं, मी उत्तरेला गेले. जाऊबाई भावजींच्या बदलीबरोबर पाटणला गेल्या. पाटीलवहिनींना मुलीनं नेलं. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, पांढरा आणि तपकिरी त्यांना सारखाच. मी दोन वर्षांनी यजमानांच्या रजेत आले आणि दुपारी सहज शेजारी डोकावले, तर सोप्यात चारी पाट मांडलेले होते आणि मामंजी एकटे. उजव्या टोकाला बसून ते एक चिंचोका बघत. मग गुडघ्यावर हात टेकून उठत, चौदा हात सोपा चालून डाव्या टोकाला येत, तिथला चिंचोका बघत, आणि परत उजवीकडं जात. वाटेत विसरायला होई, तेव्हा पुन्हा येत. निवृत्त झाले होते. नोंदणी नव्हती. मुंबईच्या शास्त्रज्ञांची बदली परदेशात झाल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आता हे आकडे कुणाला पाठवणार, हे मी विचारलं नाही. वयाबरोबर माझ्यात आलेली ती पहिली अक्कल.

मी पदर खोचला आणि डाव्या टोकाला बसले. "तिसऱ्या घरात तपकिरी, मामंजी."

ते मध्येच थांबले. "बघून सांगतेस?"

"बघून."

रजा पंधरा दिवसांची होती. तेवढ्यात आमच्या एकवीस फेऱ्या झाल्या. त्यांना चारशे लागत होत्या. निघताना त्यांनी चिंचोके हलू नयेत म्हणून पाटांवर जुनं धोतर पसरलं आणि म्हणाले, "बाविसावी तू आल्यावर." पुढची रजा मिळाली ती त्यांच्या वर्षश्राद्धाला.

एकवीस फेऱ्यांतून कसलाही दाब निघत नाही. पण ती वही मी जपून ठेवली आहे. शिवणीवरच्या चौकोनांचं पान तिच्यात वेगळं आहे. कित्येक रुसलेले आहेत, आणि ते रुसलेले म्हणूनच लिहिलेले आहेत.